डॉक्टर, रात्रभर टक्क जागी असते

गरोदरपणाविषयीच्या या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत आली आहे, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलते. सगळ्यांनी लिहिलंय ‘झोप येत नाही’. पण पत्रं नीट वाचली तर प्रत्येकीला जागं ठेवणारी गोष्ट निराळी आहे. कुणाला लघवी उठवते, कुणाला पाय, कुणाचं मनच थाऱ्यावर नाही. सगळ्यांना मिळून एक उत्तर देण्यात अर्थ नाही. पहिलं पत्र सर्वांत लांब आहे आणि त्याचं उत्तरही.

प्रश्न : मला एकतिसावा आठवडा चालू आहे. दिवसभर गळून गेलेली असते, म्हणून रात्री साडेनऊलाच अंथरुणावर पडते. झोप लागते, पण दोनच्या सुमाराला लघवीला जाग येते आणि मग चार-साडेचारपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. उशाशी घड्याळ आहे. ‘आत्ता झोप लागली तर तीन तास मिळतील, आत्ता लागली तर अडीच’ असा हिशोब चालू राहतो. शेजारी नवरा गाढ झोपलेला बघून चक्क राग येतो. बाळ नेमकं त्याच वेळी भरपूर हालचाल करतं. माझ्यामुळे त्याचीही झोपमोड होते का? उताणं झोपलं तर बाळाला धोका असतो असं वाचल्यापासून कूस बदलायचीही भीती वाटते. भेटेल ती म्हणते, ‘आत्ता झोपून घे, नंतर मिळणार नाही.’ ते ऐकलं की उरलीसुरली झोपही उडते.

उत्तर : आधी बाळाचं बोलू, म्हणजे तुमचा निम्मा जीव भांड्यात पडेल. पोटातल्या बाळाचं झोपेचं वेळापत्रक त्याचं स्वतःचं असतं. या महिन्यांत ते दिवसाचा बहुतेक वेळ झोपेतच असतं आणि साधारण वीस ते चाळीस मिनिटांच्या शांत डुलक्या काढून पुन्हा हलायला लागतं. तुम्ही जाग्या असलात म्हणून ते जागं राहत नाही. संध्याकाळी आणि रात्री बाळं जास्त हालचाल करतात, शिवाय दिवसभराच्या धावपळीत जी लाथ लक्षातही येत नाही ती अंधारात निवांत पडल्यावर स्पष्ट जाणवते. ही हालचाल चांगली खूण आहे. काळजी उलट्या गोष्टीची करायची : हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर सकाळ होण्याची वाट न बघता त्याच वेळी दवाखान्यात फोन करायचा.

आता उताणं झोपण्याबद्दल. २८ आठवड्यांनंतर झोपी जाताना कुशीवर असावं, हे खरं आहे. उताणं पडल्यावर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या नीलेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. पण डावी की उजवी, याचा जो बाऊ केला जातो तो अनाठायी आहे. २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा दोन्ही कुशी सारख्याच सुरक्षित निघाल्या. छातीत जळजळत असेल तर डावी बरी पडते, एवढंच. आणि नियम आहे तो झोपी जातानाचा. रात्री कधीतरी जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं, तर कुशीवर वळायचं आणि विषय संपला. त्याआधीचा वेळ आठवून घाबरायचं नाही.

पाठीमागे एक घट्ट उशी लांबीच्या बाजूने लावून ठेवा, म्हणजे झोपेत वळलात तरी पूर्ण उताण्या होणार नाही, कलत्या राहाल. दुसरी उशी गुडघ्यांमध्ये, पण ती घोट्यांपर्यंत पोचली पाहिजे. नुसती गुडघ्यांत असली तर खालचा पाय लोंबकळतो आणि कंबर पिळवटते. तिसरी, पातळशी, पोटाखाली सरकवा. पातळ उशी नसेल तर घडी केलेला टॉवेलही चालतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका महागड्या लांबलचक उशांविषयी विचारतात. घेतलीत तर वाईट नाही, पण रात्री उठताना तिच्यातून बाहेर पडायची कसरत आधी करून बघा.

लघवीला उठण्याचं म्हणाल तर ते पूर्ण थांबणार नाही. गरोदरपणात मूत्रपिंडं एरवीपेक्षा जवळजवळ दीडपट रक्त गाळतात आणि वर बाळाचं डोकं मूत्राशयावर टेकलेलं असतं. त्यात दिवसभर पायांत उतरून बसलेलं पाणी, म्हणजे ती संध्याकाळची घोट्यांवरची सूज, तुम्ही आडव्या झालात की रक्तात परत येतं आणि मध्यरात्री बाहेर पडायला बघतं. म्हणून ते पाणी आधीच हलवायचं. संध्याकाळी अर्धा तास कुशीवर पडून पाय उशीवर उंच ठेवा आणि रात्री झोपायच्या आत दोनदा लघवीला जाऊन या. पाणी कमी पिऊ नका, फक्त त्याची वेळ अलीकडे आणा : दिवसा भरपूर आणि झोपण्याआधीच्या दोन तासांत घोट घोट. रात्री बाथरूमचा मोठा दिवा लावू नका, पायाखालचं दिसेल इतकाच उजेड पुरे. लघवी करताना जळजळ झाली, ताप आला किंवा थोड्या थोड्या वेळाने थेंब थेंब होऊ लागली, तर लघवीची तपासणी लगेच करून घ्या. गरोदरपणातला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अंगावर काढायचा नसतो.

पण खरं सांगू? तुमची अडचण लघवी नाही. लघवीला सगळ्याच उठतात. परत आल्यावर दोन अडीच तास जे चालतं, ती तुमची अडचण आहे. साडेनऊला पडता आणि सकाळी बहुधा सातनंतर उठत असाल. म्हणजे अंथरुणात दहा तास आणि त्यातली झोप सात-साडेसात तासांची. उरलेला वेळ तुम्ही त्याच उशीवर डोकं ठेवून चडफडत, हिशोब करत, नवऱ्याकडे रागाने बघत काढता. असं महिनाभर झालं की अंगाला सवय लागते : अंथरूण दिसलं की जागं व्हायचं. तुम्ही सोफ्यावर पेंगता आणि पलंगावर आल्यावर टक्क होता, असं होतं का बघा. होत असेल तर माझं निदान बरोबर आहे.

यावरचा उपाय जुना आहे आणि औषधाविना आहे. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये तो मांडला. झोप नसेल तेव्हा अंथरुणात थांबायचं नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटं झाली असावीत असं वाटलं (घड्याळ न बघता, अंदाजाने), की उठायचं, दुसऱ्या जागी जाऊन बसायचं आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचं. परत जाग, परत उठा. पहिले काही दिवस हे जिवावर येतं, कारण पोट घेऊन उठणं हेच एक काम असतं. म्हणून तयारी संध्याकाळीच करून ठेवा : पाठीला आधार असलेली खुर्ची, पाय ठेवायला काहीतरी, अंगावर घ्यायला शाल, अंधूक दिवा, आणि एकदा वाचून झालेलं, उत्कंठा उरलेली नाही असं पुस्तक. फोन त्या खोलीत नको. मध्यरात्री फोनवर ‘गरोदरपणात झोप न लागल्याचे परिणाम’ शोधणाऱ्या बाईला सकाळपर्यंत झोप लागत नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

घड्याळ उशापासून काढा. गजर लावायचा असेल तर लावा, पण तोंड भिंतीकडे.

आणि साडेनऊचं झोपणं बंद. अकराच्या सुमाराला, झोप आल्यावरच पडा आणि सकाळी रोज एका ठरलेल्या वेळी उठा, रात्र कशीही गेलेली असो. दुपारी अर्धा तास डुलकी चालेल, तीनच्या आत. अंथरुणातला वेळ असा आखडला की झोप एकवटते. मात्र सहा तासांच्या खाली तो स्वतःच्या मनाने आणू नका. निद्रानाशाच्या उपचारात ही वेळ पुष्कळदा बरीच कमी करतात, पण तुम्ही गरोदर आहात, ते प्रकरण जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. या सगळ्या पद्धतीला सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती, म्हणतात. २०२० मध्ये २०८ गर्भवतींवर झालेल्या एका अभ्यासात हा उपचार नुसता ॲपवरून, घरबसल्या दिला, तरी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्या बायकांचा निद्रानाश जास्त कमी झाला. तेव्हा जवळ समुपदेशक नसला तरी हताश होऊ नका.

चहा-कॉफीचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण दुपारचा कप आठवून बघा. एरवी शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. शेवटच्या तिमाहीत त्याला पंधरा तासही लागू शकतात. म्हणजे दुपारी चारला घेतलेली कॉफी रात्री दोनला तुमच्याबरोबर जागी असते. दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम धरतात, आणि मोठा मगभर कॉफीत सहज शंभर जातात. जे काही घ्यायचं ते सकाळी घ्या.

मनात घोळणाऱ्या गोष्टी (कळा, पैसे, रजा, बाळाचं नाव, काहीही) संध्याकाळी कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे ‘उद्या काय करणार’ एवढं एका ओळीत लिहा. साधं वाटतं, पण रात्री दोनला तोच विचार आला की ‘याचं लिहून झालंय’ म्हणता येतं. पण लिहूनही दोन आठवडे मन उदासच राहिलं, कशातच रस वाटेना, किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार आले, तर हा नुसता झोपेचा प्रश्न नाही. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. असे विचार आले तर त्याच दिवशी सांगा, आणि तोवर एकट्या राहू नका. १९८७ पासून वापरात असलेली, एडिनबरोच्या नावाने ओळखली जाणारी, नैराश्य ओळखायला मदत करणारी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती दहा मिनिटांत भरून होते आणि पुढचं ठरवायला सोपं जातं.

‘आत्ता झोपून घे’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं? झोप बँकेत ठेवून नंतर काढता येत नाही, असं हसून सांगा आणि विषय बदला. नवऱ्याचा राग येण्यावर औषध नाही. तो निरुपद्रवी आहे (राग आणि बहुधा नवराही). पहाटेच्या वेळी त्याला उठवून पाठ चेपून घ्यायला माझी हरकत नाही.

प्रश्न : सत्ताविसावा आठवडा. संध्याकाळी टेकले की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून फेऱ्या मारल्या की थांबतं, पडलं की पुन्हा सुरू. आई म्हणते कॅल्शियम कमी पडतंय. हिमोग्लोबिन तर चांगलं आलंय. मग काय?

उत्तर : तुम्ही इतकं नेमकं लिहिलं आहे की तपासायला फारसं काही ठेवलं नाही. संध्याकाळी वाढतं, बसल्या-पडल्या होतं, हलवलं की बरं वाटतं. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. १९४५ मध्ये स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी हे नाव दिलं. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ते पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप जातं. आईंना सांगा, पोटरीत गोळा येणं वेगळं. गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जीव कळवळतो. तेव्हा पायाचा चवडा स्वतःकडे ओढून धरायचा. तुमचं तसं नाही.

हिमोग्लोबिन चांगलं असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि या पायांचा संबंध त्या साठ्याशी आहे. म्हणून पुढच्या वेळी सीरम फेरिटिन तपासायला सांगा. आकडा ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता आहेच. पायांची ही तक्रार असेल तर ७५ च्या खाली असला तरी बरेच डॉक्टर लोह देतात. गोळी चहा, कॉफी किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि आपल्या मनाने दुप्पट डोस करू नका. पाय थांबायच्या आधी पोट मात्र गच्च होईल.

दुसरं, घरात बघा : सर्दीची किंवा ॲलर्जीची झोप आणणारी गोळी, किंवा उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइड, यांपैकी काही चालू आहे का? यांनी पाय आणखी बिघडतात. चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून बदलून घ्या. तोवर झोपण्याआधी पोटऱ्या ताणणं, कोमट पाण्यात पाय सोडणं, चोळून घेणं, जे मानवेल ते करा. फक्त एक ध्यानात ठेवा : एकच पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागली किंवा दुखू लागली तर ती चोळायची नाही. गरोदरपणात शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढलेली असते, म्हणून त्याच दिवशी दाखवायचं.

प्रश्न : मी नवरा म्हणून लिहितोय. बायको सहाव्या महिन्यात आहे. आधी कधी घोरत नव्हती, आता भिंत हादरते. मधेच आवाज बंद होतो, मग दचकून श्वास घेते. मी हलवून उठवतो. ती म्हणते, ‘झोपू दे ना.’ दिवसभर डोकं धरून असते. सगळे म्हणतात, पोट वाढलं की घोरणारच.

उत्तर : घोरणं वाढतं हे खरं. नाकाच्या आतलं अस्तर या महिन्यांत सुजतं, त्यामुळे नाक चोंदतं. पण श्वास थांबतो हे तुम्ही पाहिलं आहे, ते झोपलेल्या माणसाला सहसा कळत नाही. म्हणून तुमचं पत्र या गठ्ठ्यातलं फार मोलाचं. उद्या रात्री फोनवर दोन-तीन मिनिटांचं चित्रीकरण करा, श्वास थांबल्याचं त्यात येऊ द्या, आणि ते डॉक्टरांना दाखवा. ही झोपेतली श्वासरोधाची तक्रार असू शकते. या तक्रारीचा वाढलेल्या रक्तदाबाशी आणि गरोदरपणातल्या मधुमेहाशी संबंध आहे, म्हणून रक्तदाब आणि साखर पुन्हा तपासायला सांगा आणि झोपेची चाचणी हवी का विचारा. मुखवट्यातून हवा देणारं सीपॅप यंत्र गरोदरपणात वापरता येतं, त्याने बाळाला त्रास होत नाही. डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर सूज किंवा बरगड्यांखाली दुखणं यांपैकी काही असेल, तर उद्याची रात्र कशाला, आजच दवाखाना गाठा.

प्रश्न : झोपेसाठी मेलाटोनिनच्या गोळ्या आणि एक वनौषधींचं सिरप मैत्रिणीने सुचवलंय. दोन्ही ‘नैसर्गिक’ आहेत. चौथा महिना आहे. घेऊ का?

उत्तर : नको. मेलाटोनिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि गरोदरपणात ते बाहेरून घेण्याविषयी भरवशाची माहिती पुरेशी जमलेली नाही. सिरपच्या बाटलीत काय आणि किती, हेच बऱ्याचदा ठाऊक नसतं. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण जाहिरातवाल्यांचं आहे. मळमळही होत असेल तर डॉक्टरांना डॉक्सिलामिनबद्दल विचारा. ते गरोदरपणातल्या उलट्यांसाठी वापरलं जातं आणि त्याने झोपही येते. चिठ्ठीशिवाय मात्र नको.

उलट बाजूही सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्यांत अशाही असतील : दिवस राहण्याआधीपासून झोपेची, नैराश्याची किंवा फिट्सची गोळी चालू असेल, तर घाबरून एका रात्रीत बंद करू नका. त्याचे परिणाम गोळीपेक्षा वाईट होऊ शकतात. आधी फोन, मग बदल.

प्रश्न : चौतिसावा आठवडा. रात्री तळहात आणि तळपाय इतके खाजतात की झोपणं अशक्य होतं. पुरळ काही नाही. क्रीम लावून बघितलं. त्वचातज्ज्ञाकडे जाऊ की थांबू?

उत्तर : थांबू नका, आणि त्वचातज्ज्ञाकडेही नको. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांकडे उद्या सकाळी, अंक हातातून खाली ठेवून. पुरळ नसताना तळहात-तळपायांना सुटणारी, रात्री वाढणारी खाज ही यकृतात पित्त साठल्याची खूण असू शकते. रक्तातली पित्ताम्लं आणि यकृताची तपासणी करायला सांगा. अहवाल पहिल्या वेळी नीट आला आणि खाज चालूच राहिली, तर ती तपासणी पुन्हा करावी लागते, तेव्हा ‘एकदा केली होती’ म्हणून गप्प बसू नका. पित्ताम्लं फार वाढली तर बाळाला धोका असतो, म्हणून देखरेख वाढवतात आणि प्रसूती कधी करायची तेही त्या आकड्यावर ठरवतात. लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर सकाळपर्यंतही थांबू नका. नखं कापून ठेवा, खोली थंड ठेवा, तपासणीला जाईपर्यंत हात-पाय गार पाण्यात बुडवले तरी थोडा आराम पडेल.